तिसऱ्या बाकावरचं गाणं

बीच रन गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचं काम एल्वा ग्रेबिलच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं. मंडळीत एकूण अकरा माणसं. त्यातल्या चौघांना दिसत नव्हतं, तिघांना आठवत नव्हतं, आणि बाकीच्यांच्या हाती वही दिली असती तर त्यांनी मंडळीऐवजी आपापल्या गायींचा इतिहास लिहून काढला असता. एल्वा अडुसष्ट वर्षांची होती. तिचे डोळे शाबूत होते आणि आठवण तर इतकी शाबूत, की लोकांना तिची थोडी धास्तीच वाटायची.

साल होतं १९७५. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन करायचं आणि मग मीटिंगहाऊसला, म्हणजे मंडळीच्या प्रार्थनाघराला, कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. पोरंबाळं गाव सोडून हॅरिसबर्गकडे गेली, नाहीतर डोंगरापलीकडच्या मोठ्या मंडळीत सामील झाली. तिथे तळघरात स्वयंपाकघर आहे, मोटारी लावायला जागा आहे. बिशप लिऑन झेंट आता तिकडचाच. पंचेचाळिशीचा माणूस, पण लहानपणी एल्वाच्या हाताखाली रविवारच्या शाळेत बसलेला, त्यामुळे ती त्याला अजून अरेतुरे करायची आणि तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा. तोच म्हणाला, की शेवटच्या दिवशी इतिहास वाचून दाखवू, मग छापून सगळ्यांना देऊ.

एल्वाने एक जाड वही आणली आणि स्वतःपुरता नियम केला. पक्कं असेल ते शाईने लिहायचं. विचार करायला लावणारं असेल ते पेन्सिलीने.

सुरुवातीला सगळं शाईनेच चाललं होतं. १८६८ साली टोबायस ग्रेबिलने देवाच्या कामासाठी शेताच्या कडेची जमीन दिली, असं घराण्यात अभिमानाने सांगतात. त्या तुकड्यात गहू उगवत नव्हता, हे मात्र कोणी सांगत नाही. एल्वाने दोन्ही लिहिलं. टोबायस तिच्या नवऱ्याचा पणजोबा, तेवढा हक्क तिला होता. १८९१ मध्ये विटांचं मीटिंगहाऊस बांधलं, पुरुषांचं दार वेगळं, बायकांचं वेगळं. १९०३ मध्ये रविवारची शाळा भरवायची की नाही, यावरून भांडण झालं आणि अर्धी मंडळी उठून गेली. जाताना शेगडीही घेऊन गेली, कारण ती त्यांच्या आजोबांनी दिलेली. उरलेल्यांनी तो हिवाळा पायांखाली तापवलेल्या विटा ठेवून काढला आणि समेटाचं मोल किती मोठं यावर उपदेश ऐकले. १९१८ च्या तापाच्या साथीत एका महिन्यात नऊ थडगी खणली. त्यातली पाच लहान होती. १९२७ पासून घरात टेलिफोन असावा की नसावा यावर तीन वर्षं खल झाला. विरोध करणारे विरोध करत राहिले आणि अडीअडचणीला शेजाऱ्याकडे जाऊन फोन करत राहिले.

एल्वाला लिहिता लिहिता हसू येई, मधेच डोळे पुसावे लागत. काय माणसं होती एकेक. एकमेकांना आयुष्यभर टोचून खाल्लं, पण कोणाचं कोठार जळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी साठ माणसं हातोडे घेऊन दारात हजर.

मग १९३६ साल आलं आणि घोडं अडलं. एल्वाने शाईचं पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल घेतली.

त्या साली जुना उपदेशक वारला होता. आमच्याकडे उपदेशक निवडतात तो चिठ्ठीने. मंडळी नावं सुचवते. जितकी नावं तितकी गीतपुस्तकं, सगळी एकसारखी, दोऱ्याने बांधून टेबलावर ओळीने ठेवतात. एकाच पुस्तकात चिठ्ठी असते. वयाने मोठा तो आधी उठतो, एक पुस्तक उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. चिठ्ठी ज्याच्या पुस्तकात निघेल तो मरेपर्यंत उपदेशक. पगार नाही, शिक्षण नाही, नाही म्हणायची सोयही नाही. निवड देवाने करायची, माणसांनी नाही, एवढाच त्यातला अर्थ.

त्या दिवशी चार नावं होती. सगळ्यात मोठा अमोस लाव्हर. मंडळीत गाणं तोच सुरू करायचा. तिसऱ्या बाकावर बसून पहिला सूर लावायचा आणि मग सगळे चार सुरांत त्याच्यामागे जायचे. त्याचा आवाज असा, की जेवणाआधीची प्रार्थना त्याने केली तर सार निवून जायचं आणि कोणाची तक्रार नसायची. चिठ्ठी त्यालाच निघणार असं सगळ्यांनी मनात धरलंच होतं. वयाने दुसरा होता एल्वाचा नवरा, एनस. एनस फार भला माणूस, पण बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. 'प' आला की थांबला, 'क' आला की थांबला. त्याचं नाव कोणी सुचवलं हे कधीच कळलं नाही. एल्वाला कैक वर्षं वाटत होतं, की कोणीतरी चेष्टाच केली असणार.

अमोस उठला, त्याने पुस्तक उचललं. एनस उठला, त्याने उचललं. मग बाकीचे दोघे. म्हाताऱ्या बिशपने एकेका पुस्तकाचा दोरा सोडून पाहिलं आणि एनसच्या पुस्तकातून चिठ्ठी काढली. एल्वा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिने तोंड ॲप्रनमध्ये लपवलं. सभा सुटल्यावर बायकांच्या दाराशी पायरीवर अमोसची बायको नाओमी आपल्या जावेला म्हणाली, आणि अगदी ऐकू जाईल असं म्हणाली, "आज देवाचं लक्ष दुसरीकडे होतं वाटतं."

ते वाक्य एल्वाच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

त्यावर मीठ चोळलं ते अमोसने. एनस उपदेशाला उभा राही. दोनचार वाक्यं नीट जात. मग कुठेतरी गाडी अडे. तोंड उघडं, मान ताणलेली, शब्द काही बाहेर येईना. बायका मांडीवरच्या हातांकडे बघत, पोरं एकमेकांना कोपरं मारत. आणि मग तिसऱ्या बाकावरून अमोस सूर लावी. उपदेश चाललेला असताना मधेच गाणं! सगळे गाऊ लागत, बिचारा एनसही गाऊ लागे. गाणं संपलं की तो पुढे बोलू लागे. हे एकदा नाही, दर रविवारी, तेहतीस वर्षं. एल्वाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन भांडी आपटत ती म्हणायची, की त्या माणसाला आपला आवाज ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही, तुमचं तोंड बंद करून टाकतो तो भर सभेत. एनस बटाट्याची साल काढत शांतपणे म्हणायचा, "ग-गाणं चांगलं होतं आजचं."

१९६९ च्या वसंतात एनस गेला. जायच्या आठवडाभर आधी, दुपारची वेळ होती, खिडकीतून नांगरलेलं शेत दिसत होतं, तेव्हा त्याने एल्वाला एक गोष्ट सांगितली. सांगायला त्याला अर्धा तास लागला. त्या दिवशी टेबलावरच्या एका पुस्तकातून चिठ्ठीचा कोपरा बाहेर आला होता. नखाएवढा, पांढरा. बिशपच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो ते कोणाला कळू देत नव्हता. अमोसचा हात आधी त्याच पुस्तकाकडे गेला. तिथे क्षणभर थांबला. मग बाजूच्या पुस्तकावर गेला. एनस उठला तेव्हा त्यालाही कोपरा दिसला. दिसलेलं टाळायचं म्हणजे देवाला पाठ दाखवायची, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने तेच उचललं. "पण मग ते देवाने दिलं, की मीच घ-घेतलं?" त्याने विचारलं. "तेहतीस वर्षं झाली, मला ठाऊक नाही." आणि हे कोणाला बोलू नकोस, असंही म्हणाला. अमोसची गोष्ट अमोसपाशी राहू दे.

एल्वा बोलली नाही. दोन वर्षांनी अमोस गेला तेव्हाही बोलली नाही. लाव्हरांच्या घरी तिने बेदाणे भरून भाजलेला गोड 'पाय' पाठवला, आमच्याकडे मयताच्या घरी तोच नेतात. पण पाठवला तो पुतणीच्या हाती. स्वतः नाओमीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. सगळ्यांनी ते पाहिलं.

आता वही पुढ्यात होती. तिने पेन्सिलीने लिहिलं: 'चिठ्ठीचा कोपरा बाहेर दिसत होता. अमोस लाव्हर यांनी तो पाहिला आणि ते पळाले. ओझं एनस ग्रेबिल यांच्यावर पडलं. नंतर तेहतीस वर्षं अमोस यांनी त्यांना धड बोलू दिलं नाही.' वाचून पाहिलं. सगळं खरं होतं. शाईने लिहायला मात्र हात उचलेना.

प्रभुभोजनाच्या आधी एक आठवडा आमच्याकडे समेटाची सभा असते. एकेकाने उभं राहून सांगायचं, की देवाशी आणि माणसांशी माझा समेट आहे. एकाचंही घोडं अडलं तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. इतकी वर्षं एल्वा ते वाक्य काढा प्यावा तसं घाईघाईने म्हणून टाकत आली होती. या वेळी तिची पाळी आली, ती उठली, आणि तिला पेन्सिलीच्या ओळी दिसू लागल्या. स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवल्यावर आता समेट आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"देवाशी आहे," ती म्हणाली. "माणसांशी पूर्ण नाही."

बाकं करकरली. लिऑनचा चेहरा पडला. पुढच्या रविवारनंतर दुसरा रविवारच नव्हता, पुढे ढकलायचं तरी कुठे? एकशे सात वर्षांच्या मंडळीचं शेवटचं प्रभुभोजन तिच्या एका वाक्यापायी अडलं, आणि हे तिलाही कळत होतं. पण बोललेलं खरं होतं, ते आता परत कसं घेणार? कोणाशी समेट नाही, हे लिऑनने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण सगळ्यांची तोंडं नाओमीकडे वळली होती. एकाहत्तर वर्षांची नाओमी ताठ बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "तिचा नसेल तर माझाही नाही." आणि बसली.

लिऑनने बुधवारपर्यंत वाट पाहतो म्हणून सांगितलं.

बुधवारी सकाळपासून एल्वा अंगणात सफरचंदांचं आटवण, म्हणजे पावाला लावायचा घट्ट आटवलेला गर, ढवळत होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी एकेक बरणी द्यायची, असं तिने उन्हाळ्यातच ठरवलं होतं. प्रभुभोजन होवो न होवो, सफरचंदं काही थांबणार नव्हती. तांब्याची मोठी काहील, खाली लाकडांचा जाळ, हातात पुरुषभर दांड्याचा कलथा. हे काम दोघांचं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत हात क्षणभर थांबवून चालत नाही, थांबला की तळाशी लागलंच. पुतणीला सकाळीच तापाने धरलं होतं, त्यामुळे एल्वा एकटी होती आणि दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले होते.

मक्याच्या खुंटांतून कोणीतरी येताना दिसलं. डोक्यावर काळी बॉनेट टोपी, काखेत काहीतरी. एल्वाने ओळखलं. पहिला विचार आला तो आत जाऊन दार लावून घ्यायचा. पण काहील सोडून जाणार कशी? नाओमीने दिवस बरोबर निवडला होता. बाई हुशार, यात वाद नाही.

"एकटीच?" नाओमीने विचारलं.

"दिसतंय ना."

नाओमीने काखेतलं पुस्तक लाकडांच्या ढिगावर ठेवलं आणि न विचारता एल्वाच्या हातांशेजारी दांडा धरला. "बाजूने दोनदा, मधून एकदा," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं करतेय मी हे."

"म्हणून दरवर्षी तुझं खाली लागतं."

दोघी ढवळत राहिल्या. चार हात लागले तशी एल्वाच्या खांद्यांना जरा बरं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला. मग नाओमीने सरळ विचारलं, की अमोसबद्दल वहीत काय लिहिलंयस. एल्वाला खोटं बोलता येत नव्हतं. तिने शब्दन् शब्द सांगितला. कोपऱ्याचं, हात थांबल्याचं, पळाल्याचं.

जाळात एक लाकूड सरकलं, ते नाओमीने पायाने आत ढकललं.

"त्याला कोपरा दिसला होता," ती म्हणाली. "ते खरं आहे. पळाला हे खरं नाही. त्याला ते हवं होतं, एल्वा. किती हवं होतं तुला सांगू? लग्नाआधीपासून गोठ्यात गायींपुढे उपदेश करायचा. सासूबाई हसायच्या. कोपरा दिसला आणि त्याचा हात आपसूक तिकडे गेला. मग त्याच्या मनात आलं, की दिसलेलं उचललं तर देवाने दिलं असं कसं म्हणायचं? ती चोरीच झाली. म्हणून त्याने हात काढून घेतला. घरी येऊन तीन दिवस जेवला नाही."

एल्वा ढवळत राहिली. ती मनात ते सगळं पुन्हा मांडून पाहत होती. एकाला हवं होतं, म्हणून त्याने सोडलं. एकाला नको होतं, म्हणून त्याने उचललं. दोघांनाही दिसलं होतं आणि दोघेही आपापल्या परीने देवाशी खरे राहायला गेले. आणि त्या खरेपणापायी बीच रनला तेहतीस वर्षं अडखळणारा उपदेशक मिळाला.

"कोपरा आत ढकलायचं एकालाही सुचलं नाही?" ती म्हणाली.

"सुचेल कसं? दोघेही गाढव," नाओमी म्हणाली, आणि तिच्या तोंडून खुदकन हसू आलं. एल्वाने ओठ दाबून धरले पण उपयोग झाला नाही. दोघी म्हाताऱ्या दांडा धरून हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हसतानाही ढवळत होत्या.

हसू ओसरलं तसा नाओमीचा चेहरा बदलला. "देवाचं लक्ष दुसरीकडे होतं, असं मी त्या दिवशी सकाळी बोलून गेले," ती म्हणाली. "अमोसने मला हे संध्याकाळी सांगितलं. मग तुझ्यापुढे यायला तोंड राहिलं नाही. उद्या जाईन, परवा जाईन, असं करता करता एकोणचाळीस वर्षं झाली. चुकलं माझं."

एल्वाला वाटलं आता सगळं निवळेल. पण निवळलं नाही. ते वाक्य गेलं, पळाल्याची गोष्ट गेली, तरी तळाशी एक लागलेलं होतंच. ते बाहेर आलं तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"गाण्याचं काय? चिठ्ठीचं सोड. दर रविवारी भर सभेत माझ्या नवऱ्याचं तोंड बंद केलं त्याने. गाणं म्हणून, देवाच्या घरात. ते कसं विसरू मी?"

नाओमीने तिच्याकडे असं पाहिलं, की एल्वाला क्षणभर वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो.

"तुला एनसने कधी सांगितलं नाही?" नाओमी म्हणाली. तिने एका हाताने दांडा धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने ढिगावरचं पुस्तक उघडलं. अमोसचं गीतपुस्तक. पानापानावर, गाण्यांच्या शेजारी, बारीक पेन्सिलीने तारखा होत्या आणि तारखेपुढे एकेक शब्द. नाओमी वाचू लागली. "अकरा एप्रिल त्रेचाळीस, कृपा. अठरा एप्रिल, पश्चात्ताप. नऊ मे, बेथलेहेम. तेवीस मे, पुन्हा कृपा."

"म्हणजे काय?"

"एनस ज्या शब्दावर अडला तो शब्द. आणि तो शब्द ज्या गाण्यात आहे ते हे गाणं. गाताना एनस अडखळायचा का कधी?"

नाही. गाताना एनस कधीच अडखळला नव्हता. एल्वाला हे ठाऊक होतं, गोठ्यात गायचा, पोरांना झोपवताना गायचा, लोण्यासारखं गायचा.

"अमोसच्या ते ध्यानात आलं," नाओमी म्हणाली. "म्हणाला, शब्द त्याच्या आत आहे, फक्त दारात अडकतो, आपण सगळ्यांनी मिळून म्हटला तर बाहेर येईल. दर शनिवारी पुस्तक घेऊन बसायचा. कोणता शब्द अडेल, कोणतं गाणं लागेल. रविवारी सकाळी त्याला कॉफी जायची नाही. मी विचारायची, उपदेश तुझा आहे का त्याचा? तर म्हणायचा, आमच्या दोघांचा."

आता एल्वाला एकेक रविवार दिसू लागला. एनस अडतो आहे. गाणं सुरू होतं. एनस मान वर करून गातो आहे, गाण्यातला तो शब्द सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणतो आहे. आणि गाणं संपल्यावर तोच शब्द घेऊन पुढे निघतो आहे. दर वेळी तोच शब्द घेऊन. ती चौथ्या बाकावर बसून हे तेहतीस वर्षं बघत होती आणि तिला दिसलं काय, तर अमोसचा माज. उपदेशाला उभा राहिला की तोंड उघडायच्या आधी एनस एकदा तिसऱ्या बाकाकडे बघायचा, तेही तिला आता आठवलं. आणि घरी बटाटे सोलताना म्हणायचा, गाणं चांगलं होतं आजचं. ती त्याला सहनशील समजत होती. तो बिचारा खरं तेच सांगत होता.

"मी अमोसच्या मयताला बेदाण्यांचा 'पाय' पुतणीच्या हाती पाठवला," एल्वा म्हणाली. तिने दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाओमीनेही दांडा सोडून तिचे खांदे धरले.

करपल्याचा वास आला तेव्हा दोघींना काहिलीची आठवण झाली.

"तरी सांगत होते," नाओमी नाक पुसत म्हणाली.

त्याच संध्याकाळी एल्वाने लिऑनला शेजाऱ्याकडून फोन केला. रविवारी ये म्हणाली, माझा समेट झाला.

रविवारी भाकर मोडली, द्राक्षारस फिरला, आणि मग पाय धुण्याचा विधी आला. आमच्याकडे दोघादोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे असतात. कोणाशेजारी बसायचं म्हणजे नाओमी वाट्याला येणार नाही, हा हिशोब एल्वा वर्षानुवर्षं दारातूनच करत आली होती. आज ती आत आली आणि सरळ नाओमीला म्हणाली, "सरक जरा."

पुरुष पलीकडच्या कोपऱ्यात, बायका इकडे. घंगाळात कोमट पाणी. एल्वा गुडघ्यांवर बसली. बसताना गुडघे वाजले आणि नाओमीने हळूच विचारलं, की उठायला कोणाला बोलावू का. नाओमीचा पाय थंड होता, अंगठा वाकडा, टाचेला भेगा. एल्वाने तो दोन्ही हातांत घेऊन धुतला आणि टॉवेलने सावकाश पुसला.

पाय धुताना मंडळीने गायचं असतं. पण अमोस गेल्यापासून गाणं सुरू करणारं कोणी नव्हतं. सगळे पाण्याचा आवाज ऐकत बसले होते. पुरुष एकमेकांकडे बघत होते, प्रत्येकाला वाटत होतं दुसरा सुरू करील. बाईने पहिला सूर लावायची आमच्याकडे रीत नव्हती. एल्वाने टॉवेल खांद्यावर टाकला आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्याच सूर लावला. जरा वर लागला, आवाज थरथरला. अमोसच्या पुस्तकात ज्या गाण्यापुढे सगळ्यात जास्त तारखा होत्या, तेच गाणं होतं ते. नाओमीने खालचा सूर धरला, मग पुरुष आले, आणि अकरा माणसांनी मीटिंगहाऊस भरून टाकलं.

शेवटी लिऑनने वही घेतली आणि इतिहास वाचायला सुरुवात केली. टोबायसच्या नापीक तुकड्यावर सगळे हसले, शेगडीवर जास्त हसले, साथीच्या वर्षाला माना खाली गेल्या. १९३६ च्या पानावर पेन्सिलीचं काही उरलं नव्हतं. तिथे खोडरबराचे डाग होते आणि वर शाईने एकच ओळ. लिऑनने वाचलं, "उपदेशक, १९३६ ते १९६९: एनस ग्रेबिल आणि अमोस लाव्हर."

तो थांबला. "एल्वा भगिनी," तो नरमाईने म्हणाला, "अमोसला चिठ्ठी निघाली नव्हती. त्याचा अभिषेक झाला नव्हता. उपदेशकांच्या यादीत त्याचं नाव..."

"शाईने लिहिलंय," एल्वा म्हणाली. "वाच तू."

लिऑनने वही पुन्हा वर उचलली. मग त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, दोन्ही नावांसकट, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. नाओमीने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि एल्वाने तिच्यासाठी सरकून जागा केली, जागा भरपूर होती तरी.